थेट रोख हस्तांतरण आणि अल्प उत्पन्न कुटुंबे

शासनाने किंवा एखाद्या संस्थेने अल्प उत्पन्न कुटुंबांना वस्तू, कूपन किंवा सवलतीच्या सेवा न देता सरळ पैसे देण्याच्या पद्धतीस थेट रोख हस्तांतरण म्हणतात. ही रक्कम बँकेच्या किंवा टपालाच्या खात्यात, अलीकडे अनेक देशांत मोबाइलवरील खात्यात जमा होते आणि ती कशावर खर्च करायची हे कुटुंब स्वतः ठरवते. मुलांची शाळेतील हजेरी, लसीकरण, गरोदरपणातील तपासणी अशा अटींवर दिलेल्या रकमेस सशर्त आणि अट नसलेल्या रकमेस बिनशर्त हस्तांतरण म्हणतात. वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि बालभत्ता ही या पद्धतीची जुनी रूपे होत. तिच्या आजच्या विस्ताराला मात्र मेक्सिकोतील ‘प्रोग्रेसा’ (१९९७) आणि ब्राझीलमधील ‘बोल्सा फामिलिया’ (२००३) या कार्यक्रमांनी चालना दिली. प्रोग्रेसाच्या मूल्यमापनासाठी निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना पैसे आधी आणि उरलेल्या १८६ गावांना सुमारे दीड वर्ष उशिरा मिळाले. कोणते गाव आधी हे नशिबावर सोडलेले असल्यामुळे पैशाने नेमके काय बदलले हे दोन्ही गटांची तुलना करून तपासता आले, आणि पुढील संशोधनाचा तोच परिपाठ झाला.

पैसे हाती आल्यावर कुटुंबे आधी काय करतात, याचे उत्तर बहुतेक देशांत सारखेच मिळते. जेवणात भर पडते व विविधता येते, थकलेली उधारी फेडली जाते आणि लांबणीवर टाकलेले औषधपाणी होते. सगळी रक्कम मात्र रोजच्या खर्चात जिरत नाही. मेक्सिकोतील लाभार्थी कुटुंबांनी मिळालेल्या दर पेसोपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग उपभोगासाठी वापरला आणि उरलेला शेतीची साधने, जनावरे व लहान धंदे यांत घातला, असे पॉल गर्टलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. गरिबांच्या हाती रोकड दिली तर ती दारू-तंबाखूत जाईल, हा आक्षेप धोरणचर्चेत जितक्या वेळा ऐकू येतो तितका पुराव्यात दिसत नाही. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी या प्रश्नावरील अनेक देशांचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा वस्तूंवरील खर्च सरासरीने वाढलेला नव्हता, उलट किंचित घटलेलाच आढळला.

पैसे आयते मिळाले तर लोक काम कमी करतील, हा आळसाचा आक्षेप थोडा अधिक विचार करायला लावणारा आहे. सहा विकसनशील देशांतील सात शासकीय कार्यक्रमांची आकडेवारी अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तपासली व तीत लोकांनी काम कमी केल्याचा सुसंगत पुरावा मिळाला नाही. श्रीमंत देशांत चित्र जरा वेगळे आहे. अमेरिकेतील टेक्सस व इलिनॉय या राज्यांत १,००० जणांना तीन वर्षे दरमहा १,००० डॉलर आणि तुलनेसाठी २,००० जणांना दरमहा ५० डॉलर देण्यात आले. मोठी रक्कम मिळणाऱ्यांचे कामाचे तास आठवड्याला सरासरी सुमारे सव्वा तासाने कमी भरले. हा परिणाम नाकारण्याजोगा नाही, तसा तो घबराट उडवण्याजोगाही नाही. आधीच अपुऱ्या कमाईवर जगणाऱ्या माणसाला काम सोडणे परवडत नाही. थोडी सवड मिळाली तर ती विश्रांतीत, मुलांच्या संगोपनात किंवा अधिक चांगल्या नोकरीच्या शोधात जाते. यांपैकी कोणती सवड समाजाने अनिष्ट मानावी, हा प्रश्न आकडेवारीच्या कक्षेबाहेरचा आहे.

कुटुंबाच्या जीवनावर होणारा परिणाम केवळ रकमेवर अवलंबून नसतो. ती कोणत्या रूपात, किती काळ आणि किती खात्रीने मिळते याला निदान तितकेच महत्त्व असते. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपीरो यांनी पश्चिम केनियात केलेल्या अभ्यासात काही कुटुंबांना सगळी रक्कम एकदम आणि काहींना मासिक हप्त्यांत मिळाली. हप्ते मिळालेल्या घरांत अन्नाची शाश्वती अधिक वाढली, तर एकरकमी पैसे मिळालेल्यांनी घरावर पत्रे घालण्यासारख्या टिकाऊ वस्तूंवर अधिक खर्च केला. हातावर पोट असलेल्या घरात लहान हप्ते साठून राहणे अवघड असते, कारण आजारपण, लग्न किंवा नातेवाइकाची नड यांपैकी काहीतरी त्यांच्या वाटेत आडवे येतेच.

याच देशात पुढे झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने हा मुद्दा अधिक स्पष्ट केला. २९५ गावांची विभागणी करून काही गावांतील प्रौढांना दोन वर्षे दरमहा रक्कम, काहींना तीच मासिक रक्कम बारा वर्षे देण्याचे वचन, आणि काहींना दोन वर्षांच्या हप्त्यांएवढी म्हणजे सुमारे ५०० डॉलर रक्कम एकदम देण्यात आली. उरलेली गावे तुलनेसाठी ठेवली. पहिल्या दोन वर्षांनंतर पाहणी झाली तेव्हा मासिक हप्त्यांच्या दोन्ही गटांच्या हाती सारखेच पैसे पडले होते, तरीही त्यांचे वागणे वेगळे होते. बारा वर्षांचे वचन मिळालेल्यांनी एकरकमी गटाप्रमाणे बिगरशेती धंदे सुरू केले व वाढवले, तर दोनच वर्षांची मुदत असलेल्यांनी त्या मानाने फारच कमी. लांब मुदतीचे लाभार्थी भिशीसारख्या बचतगटांत सामील होऊन आपल्या लहान हप्त्यांचे मोठ्या रकमेत रूपांतर करीत होते. भिशीत अनेक महिने नेमाने भर टाकण्याचा शब्द द्यावा लागतो, आणि पुढच्या महिन्याच्या हप्त्याची खात्री असलेला माणूसच असा शब्द देऊ शकतो. कुटुंबाची योजना आखण्याची ताकद भविष्यातील रकमेच्या भरवशावर उभी राहते, याचा याहून नेमका पुरावा या विषयात क्वचितच सापडेल.

भरवसा तुटला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेने अनवधानाने पुरवले. २०२१ मध्ये तेथील बालकरसवलत वाढवून जुलै ते डिसेंबर या काळात सहा वर्षांखालील मुलामागे दरमहा ३०० आणि त्याहून मोठ्या मुलामागे २५० डॉलरपर्यंत रक्कम आगाऊ देण्यात आली. शासकीय मदत व करसवलतीही उत्पन्नात धरणाऱ्या ‘पूरक’ मापनानुसार मोजलेले बालदारिद्र्य त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर उतरले. सवलतीची मुदत वाढवली गेली नाही आणि २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झाले. बहुतेक पालकांनी हे पैसे अन्न, कपडे, घरभाडे, बिले आणि कर्जफेड यांवर खर्च केल्याचे पाहण्यांतून दिसते. सहा महिन्यांच्या रकमेवर कोणी पुढील पाच वर्षांचा बेत आखला नाही, यात नवल वाटायचे कारण नाही.

टंचाईचा परिणाम विचारशक्तीवरही होतो, असे आनंदी मणी, सेंथिल मुल्लईनाथन, एल्डार शफीर व जियायिंग झाओ यांनी २०१३ मध्ये मांडले. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांची त्यांनी तोडणीच्या आधी पैशांची ओढाताण असताना आणि ऊसाचे पैसे हाती आल्यानंतर अशी दोनदा चाचणी घेतली, आणि तेच शेतकरी नंतरच्या चाचणीत सरस ठरले. घरातील ताण कमी झाल्याचा फायदा मुलांना कसा मिळतो, याविषयी अमेरिकेतील चेरोकी या मूळनिवासी समाजाचे उदाहरण बोलके आहे. नॉर्थ कॅरोलायनातील मुलांच्या मानसिक आरोग्याचा १९९३ ते २००० असा अभ्यास चालू असतानाच मध्ये चेरोकींच्या वसाहतीत जुगारगृह उघडले व त्याच्या नफ्याचा वाटा समाजाच्या प्रत्येक सदस्याला मिळू लागला. दारिद्र्यातून बाहेर पडलेल्या कुटुंबांतील मुलांचे वर्तनविषयक त्रास कमी झाले. चिंता व नैराश्य यांत मात्र तसा फरक पडला नाही. पालकांना मुलांवर लक्ष ठेवायला अधिक वेळ मिळणे, हे या बदलाचे मुख्य कारण संशोधकांना वाटले.

पैसे घरात कोणाच्या हाती पडतात याला महत्त्व आहे, असे मानून अनेक कार्यक्रमांत ते आईच्या नावे दिले जातात. एस्थर ड्युफ्लो यांनी दक्षिण आफ्रिकेतील वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा अभ्यास करून दाखवले, की वेतन आजीला मिळत असेल तर घरातील मुलींचे पोषण सुधारते. ते पुरुषाला मिळत असेल तर तसा परिणाम दिसत नाही. उलट मोरोक्कोतील एका प्रयोगात पैसे आईला देणे आणि वडिलांना देणे यांत शालेय उपस्थितीच्या दृष्टीने फारसा फरक आढळला नाही. तेथे हजेरीची अट घातलेली आणि ‘मुलांच्या शिक्षणासाठी’ एवढेच सांगून दिलेली, अशा दोन्ही रकमांनी सारखेच काम केले. तेव्हा आईच्या नावे खाते उघडले की स्त्रीचे घरातील स्थान बदलते, असे सरसकट विधान करता येत नाही.

अटींबाबतही निष्कर्ष एकेरी नाही. मलावीतील झोंबा जिल्ह्यात किशोरवयीन व तरुण मुलींच्या कुटुंबांना सशर्त आणि बिनशर्त अशा दोन प्रकारे पैसे देण्यात आले. शाळेतील गळती रोखण्यात अट घातलेली रक्कम वरचढ ठरली. लवकर होणारे विवाह व गरोदरपण मात्र बिनशर्त गटात अधिक घटले, कारण शाळा सोडलेल्या मुलींनाही तेथे पैसे मिळत राहिले. सशर्त योजनेत त्याच मुलींची रक्कम थांबत होती. हजेरीपटावर नाव नसलेल्या, म्हणजे सर्वांत अडचणीत सापडलेल्या मुलीकडेच अट पाठ फिरवते, ही या साधनाची मोठी उणीव मानावी लागेल.

पैशाने जे विकत घेता येते तेवढेच पैशाने बदलते. प्रोग्रेसामुळे माध्यमिक शाळांतील, विशेषतः मुलींची, पटसंख्या वाढली. मुलांच्या अध्ययनपातळीत तशी सुधारणा दिसली नाही, कारण शाळेतील अध्यापन होते तसेच राहिले. अमेरिकेत नवजात मुलांच्या १,००० अल्प उत्पन्न मातांपैकी काहींना दरमहा ३३३ आणि काहींना २० डॉलर देणाऱ्या प्रयोगात मुले चार वर्षांची झाली तेव्हा भाषा व इतर बौद्धिक कौशल्यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

एका कुटुंबाला मिळालेला पैसा शेजाऱ्यांपर्यंतही पोहोचतो. केनियातील सियाया परगण्यात १०,५०० कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर दिले गेले, तेव्हा दर डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली, पैसे न मिळालेल्या घरांचाही खर्च वाढला आणि भाववाढ नगण्य राहिली. फिलिपीन्समध्ये याच्या उलट घडले. ज्या खेड्यांत लाभार्थ्यांचे प्रमाण मोठे होते, तेथे अंडी-मासळीसारख्या नाशवंत पदार्थांचे भाव चढले आणि यादीबाहेर राहिलेल्या कुटुंबांतील मुलांमध्ये खुरटलेपणा (वयाच्या मानाने उंची कमी राहणे) वाढला. वाढलेल्या मागणीला पुरेसा माल बाजारात येऊ शकतो की नाही, यावर हा फरक ठरतो.

दीर्घकालीन परिणामांविषयी युगांडातील अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. तेथे २००८ मध्ये व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या तरुणांच्या गटांना माणशी सुमारे ४०० डॉलर एकरकमी देण्यात आले. चार वर्षांनंतर त्यांची कमाई पैसे न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी अधिक होती. नऊ वर्षांनंतर दुसऱ्या गटाने ती गाठली. दोन्ही गटांच्या कमाईतील अंतर असे मिटले, तरी पहिल्या गटाकडे साठलेली मालमत्ता तेव्हाही अधिक होती.