सम, विषम आणि न जुळलेला डाव

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या खोलीत कूलर घरघरतोय, सीताबर्डीहून आणलेले तीन सेकंडहँड लॅपटॉप एकाच वायफायवर आहेत आणि ओपनटीटीडीचा, म्हणजे आगगाड्या चालवायच्या खेळाचा, डाव काही सुरू होत नाही. दोघांनी खेळ डेबियन या लिनक्स प्रणालीच्या साठ्यातून घेतलेला, तिसऱ्याने फ्लॅटहब या ॲप-भांडारावरून, ताजा. "काऊन बे, माझंच काऊन नाही जुळून राहिलं?" पडद्यावर उत्तर एका ओळीचं: तुमची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीशी जुळत नाही.

खेळांची पॅकेजेस, म्हणजे थेट बसवता येतील असे तयार संच, बांधणारे ज्या प्रश्नाशी वर्षानुवर्षं झटतात, तो हाच. स्टेबल, म्हणजे पक्की आवृत्ती द्यायची की डेव्हलपमेंट, म्हणजे काम चालू असलेली?

दोन्हींतला फरक आकड्यातच दाखवायची रूढी लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, पक्की केली. मधला आकडा सम असला तर आवृत्ती सगळ्यांसाठी, विषम असला तर ठोकाठोक चालू आहे असं समजायचं. 2.4 वापरायची, 2.5 प्रयोगाची. डिसेंबर 2003 मध्ये 2.6 आली आणि 2004 पासून कर्नलवाल्यांनी ही पद्धत सोडून दिली. पण त्याच 2003 साली डेव्हिड व्हाइटने सुरू केलेल्या 'बॅटल फॉर वेस्नॉथ' या युद्धाच्या खेळाने ती धरून ठेवली. 1.13 प्रयोगाची, 1.14 स्टेबल.

खेळांना ती सोडवत नाही, याचं कारण वर सांगितलेल्या खोलीतच आहे. ओपनटीटीडीत चार जण एकत्र खेळतात तेव्हा सगळा नकाशा आणि सगळ्या आगगाड्या क्षणोक्षणी इकडून तिकडे जात नाहीत. जातात फक्त हुकूम: इथे रूळ टाक, ही गाडी वळव. बाकीचा हिशेब प्रत्येक मशीन आपापला करतं. एका आवृत्तीत गाडीच्या वेगाचं गणित जरा बदललं असेल, तर थोड्या वेळाने एकाकडे ती स्टेशनात उभी आणि दुसऱ्याकडे अजून पुलावर. म्हणून खेळ दारातच अडवतो. लिहिण्याचं सॉफ्टवेअर जुनं असलं तर दोन-चार सोयी कमी मिळतात. खेळ जुना असला तर सवंगडीच मिळत नाहीत.

डेबियनची स्टेबल साधारण दोन वर्षांनी येते आणि त्याआधी काही महिने फ्रीझ असतो, म्हणजे नवं काही आत घ्यायचं नाही. डेबियन 9 जून 2017 मध्ये आली. तेव्हा वेस्नॉथची 1.12 ही नोव्हेंबर 2014 ची, शिळी वाटावी अशी, 1.13 चं काम रंगात आलेलं, 1.14 यायला मे 2018 उजाडायचा होता. मेंटेनरनी, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्यांनी, 1.12 दिली. माझ्या मते बरोबरच केलं. खेळणारी गर्दी तिच्यावर होती, आणि विषम मालिकेतली एखादी अधलीमधली आवृत्ती दोन वर्षं गोठवून ठेवली असती तर तिच्यावर खेळायला कुणी उरलंच नसतं. त्यांनी आणखी एक शहाणपण केलं: आकडा पॅकेजच्या नावातच घातला. वेस्नॉथ-1.12 शेजारी वेस्नॉथ-1.14 बसते, अर्धवट राहिलेली मोहीम बुडत नाही.

पण हा नियम सगळ्यांना लागू करायला गेलं की फसायला होतं. 'झीरो एडी' या प्राचीन साम्राज्यांच्या खेळाची पहिली अल्फा, म्हणजे कच्ची आवृत्ती, 2010 मध्ये आली, आणि जानेवारी 2025 मध्ये आली तीही अल्फाच, सत्ताविसावी. इथे स्टेबलची वाट बघत बसणारा मेंटेनर म्हाताराच व्हायचा. जुलै 2019 च्या डेबियन 10 ने अल्फा 23 घेतली. पुढची अल्फा थेट फेब्रुवारी 2021 ला आली, त्यामुळे नाव कच्चं असूनही ती दीड वर्षं चालू आवृत्तीच राहिली. नेटहॅक या जुन्या भुयारी खेळाचं उलट. डिसेंबर 2003 ची 3.4.3, त्यानंतर 3.6.0 एकदम डिसेंबर 2015 मध्ये. पॅकेजवाल्यांना बारा वर्षं आराम, आणि नव्याची भूक असलेले खेळाडू तोवर इतरांनी काढलेल्या उपप्रकारांकडे वळलेले.

आता स्नॅप या पॅकेज-पद्धतीत स्टेबल, कँडिडेट, बीटा, एज अशा, पक्कीपासून कच्चीपर्यंत, चार वाटा असतात आणि निवड खेळणाऱ्यावरच येते. (सोय म्हणा, नाहीतर जबाबदारी झटकणं.) आमच्या खोलीत मतदान झालं नाही. ओपनटीटीडीची नवी आवृत्ती जुने सेव्ह उघडते, जुनी नवे उघडत नाही. तेव्हा डेबियनवाल्या दोघांनीच फ्लॅटहबची प्रत उतरवली. ती उतरेपर्यंत लाइट गेली.