क्रिएटिनिन सारखंच, डोस वेगळा

रात्रपाळीवरच्या शिकाऊ डॉक्टरसमोर दोन रिपोर्ट आहेत. एक ३० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या तरुणाचा, दुसरा ८२ वर्षांच्या, ४० किलोच्या आजींचा. दोघांचंही क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, १.१ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). आकडा पाहून काळजी वाटावी असं काही नाही. पण मोबाइलमधल्या ॲपमध्ये वय, वजन आणि लिंग भरलं की चित्र बदलतं. तरुणाची मूत्रपिंडं मिनिटाला सुमारे ९७ मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, आजींची जेमतेम २५. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. आजींच्या अंगावर स्नायूच कमी, त्यामुळे गाळण मंदावूनही रक्तातला आकडा चढत नाही. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारी अँटिबायोटिक्स त्यांना तरुणाच्या डोसमध्ये दिली, तर ती अंगात साचत जातात.

हे गणित ॲपचं नव्हे. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी ते १९७६ मध्ये मांडलं: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ आणि क्रिएटिनिनच्या गुणाकाराने भागा, स्त्री असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा. पहाटे तीन वाजता, झोपेने डोळे जड झालेले असताना हे तोंडी करायला लावणं मला रुग्णावर अन्याय वाटतो. ॲप खिशात असायलाच हवं.

मात्र या सूत्रामागे २४९ रुग्णांची मोजमापं होती आणि ते सगळे पुरुष होते, हे ॲप आपणहून सांगत नाही. क्रिएटिनिन स्थिर आहे असंही सूत्र धरून चालतं. मूत्रपिंड अचानक बिघडलं असेल, तर रक्तातला आकडा मागे रेंगाळतो, आणि ॲप तितक्याच ठामपणे चुकीचं उत्तर देतं.

न्यूमोनियाची तीव्रता ठरवणाऱ्या ‘कर्ब-६५’चंही तसंच. त्यात श्वासाचा वेग मिनिटाला ३० किंवा जास्त असेल, तर एक गुण. तो वेग घड्याळ लावून मोजला की सवयीने २० लिहिला, हे ॲपला कसं कळणार?

म्हणून मला एक सवय फार मोलाची वाटते: ॲप उघडण्याआधी स्वतःचा अंदाज कागदावर लिहायचा. दोन्हींत फरक पडला, तर पुन्हा खाटेपाशी जायचं. आजींचं वजन न करता नजरेनेच ५५ किलो धरलं असतं, तर ॲपने २५ च्या जागी ३४ दाखवलं असतं. अनेक औषधांचे डोस ३० च्या खालीच बदलतात.