यकृताच्या जुनाट आजारातील नैराश्य आणि दिव्यांग प्रमाणपत्र: अर्ज कुठे अडतो

सिरोसिस (यकृत घट्ट होऊन निकामी होत जाणे) किंवा जुनाट हिपॅटायटिस (यकृताची सूज) असलेल्यांचे दिव्यांग प्रमाणपत्राचे अर्ज अनेकदा एकाच कारणाने फेटाळले जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत यकृताचा आजार नाही, त्यामुळे सोनोग्राफी आणि एंडोस्कोपीचे कितीही अहवाल जोडले तरी त्यांवर दिव्यांगत्वाची टक्केवारी मिळत नाही. मात्र ‘मानसिक आजार’ हा त्या यादीतील स्वतंत्र प्रकार आहे, आणि यकृताच्या दुखण्याबरोबर वर्षानुवर्षे राहिलेले तीव्र नैराश्य किंवा चिंताविकार त्यात बसू शकतो. अर्ज त्याच प्रकाराखाली करावा.

नोंदणी केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ या ऑनलाइन पोर्टलवर होते. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. राहत्या जिल्ह्याऐवजी, ज्या शासकीय रुग्णालयात या मानसिक आजारावर उपचार सुरू आहेत तेथेही तपासणी मागता येते. नियमातली ही सोय खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही आणि आजारी माणसाला उगाच हेलपाटे पडतात.

खरी अडचण मानसोपचाराच्या केसपेपरची आहे. यकृताच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिलेली असते, पण नैराश्याचे निदान कागदावर कुठेच नसते. तपासणीत स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना गुण देतात व आजाराच्या कालावधीचे गुण त्यांत मिळवतात. तारखा असलेल्या सलग नोंदी नसतील तर महत्त्वाच्या सवलतींसाठी लागणारे ४० टक्के गाठणे कठीण जाते. म्हणून मानसोपचार ओपीडीत आजच नाव नोंदवा आणि प्रत्येक भेटीचा कागद जपून ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर जरूर बोला, आधार मिळतो. परंतु त्यातून केसपेपर तयार होत नाही.

यकृत निकामी होत असताना रक्तातील विषारी द्रव्यांमुळेही गोंधळलेपण आणि झोपेची उलटापालट होते. अशा वेळी ही लक्षणे यकृताचीच आहेत, असे तपासणी करणारे वैद्यकीय मंडळ म्हणू शकते. नैराश्य त्याहून वेगळे व टिकून असल्याचे यकृत आणि मानसोपचार या दोन्ही तज्ज्ञांकडून आधीच लिहून घ्यावे.

अर्ज नाकारला गेला तर अपिलासाठी ९० दिवस मिळतात. हे दिवस नकाराचे पत्र हाती पडल्यापासून मोजले जातात असे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात ते निर्णयाच्या तारखेपासून मोजले जातात.