लातूर पॅटर्न ते तलाठी भरती: मार्कांवरचा भरवसा कसा हलला

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा नाहीतर सरकारी भरतीचा घोळ झाला की बाहेरचे लोक विचारतात, मराठवाड्यातली पोरं परीक्षेच्या एवढी मागं का लागलेली असतात. ते लई जुनं आहे. इकडं पावसाचा नेम नाही, कारखाने मोजकेच, मग शिकून नोकरी धरायची हाच रस्ता. 1958ला औरंगाबादला विद्यापीठ आलं, त्याच्या आधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली होती.

पुढं लातूर पॅटर्न आला, म्हणजे लातूरच्या कॉलेजांची अभ्यास करून घ्यायची पद्धत. त्यात जादूबिदू नव्हती, सिलॅबस लवकर संपवायचा आणि मग पेपरवर पेपर सोडवून घ्यायचे. शेतकऱ्याची पोरं बोर्डाच्या मेरिट लिस्टमधे यायला लागली अन् गावोगाव एक गोष्ट मनात बसली की मार्क पडले तर कुणाचा पोरगा आहे हे कोणी विचारत नाही. त्याच भरवशावर लोकांनी उसनवारी करून पोरं लातूरला ठेवली, एका खोलीत तिघंचौघं, एसटीनं घरून येणारा डबा. 2016ला शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तरी क्लास भरतच होते.

मेडिकलला मात्र 70:30 चा नियम होता. 70 टक्के जागा त्या त्या विभागातल्या पोरांना, आणि मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून इथल्या पोराला जास्त मार्क असूनही सीट हुकायची. सप्टेंबर 2020ला तो नियम रद्द झाला तेव्हा वाटलं, चला आता तरी सगळ्यांना एकच माप.

पण मग एकामागून एक सुरू झालं. सप्टेंबर 2021ला आरोग्य भरतीची परीक्षा आदल्या रात्री पुढं ढकलली, पोरं निम्म्या वाटेवर होती, नंतर झाली तर पेपर फुटल्याचं निघालं. टीईटीत, म्हणजे शिक्षक व्हायच्या पात्रता परीक्षेत, पैसे देऊन पास झालेले 7,800च्या वर उमेदवार सापडले. 2023च्या तलाठी भरतीला दहा लाखांवर अर्ज आले, ओपनला फी 1000 रुपये, मधेच एक दिवस सर्व्हर बंद पडला आणि निकालात एकाला 200 पैकी 214. प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा म्हणून मार्क सारखे करायला नॉर्मलायझेशन लावतात, हे गणित चूक नाही, पण ते आधी कोणी नीट समजावून सांगितलंच नाही. माझा चुलतभाऊ टपरीवर बसून मोबाईलवर ती पीडीएफ वरखाली करायला होता, म्हणाला, दादा, माझे मार्क नेमके किती पडले ते तरी सांग.

मग नीट 2024. 67 जणांना 720 पैकी 720, 1563 जणांना ग्रेस मार्क, आणि लातूरात पेपरफुटीच्या आरोपावरून जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. 23 जुलैला सुप्रीम कोर्टानं हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटला हे मान्य केलं, पण देशभर फुटल्याचा पुरावा नाही म्हणून फेरपरीक्षा नाकारली. तोवर लातूरचं नाव टीव्हीवर गेलं होतं. माझ्या मावशीच्या पोरीला त्याच साली चांगले मार्क पडले, गावात पेढे खाता खाता लोकांनी मावशीला विचारलं, किती दिले? ती पोरगी दोन वर्षं दिवाळीलासुद्धा घरी आली नव्हती.