पाहुण्यांच्या हौसेतून घडलेली कारागिरी: इटलीतल्या आठवणवस्तूंची पार्श्वभूमी

व्हेनिसमध्ये दर दहा पावलांवर मुखवट्यांचं दुकान लागतं. लांब चोचीचे, सोनेरी वर्ख लावलेले, पिसं खोचलेले मुखवटे. बघणाऱ्याला वाटतं, हे दुकान आजोबा-पणजोबांपासून चालत आलं असणार. मुखवट्याची चाल जुनी आहे, यात शंका नाही. पण १७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडवलं, त्यानंतर तिथला कार्निव्हल विझत गेला आणि मुखवटे करणारे हातही गेले. आजची दुकानं १९७० च्या दशकाच्या अखेरीनंतरची. काही तरुण कलाकारांनी कागदाच्या लगद्याचं काम नव्याने हाती घेतलं, १९८० च्या सुमारास कार्निव्हल पुन्हा भरू लागला आणि दुकानांची रांग लागली. शहरातली सगळ्यांत पुराणी वाटणारी वस्तू जेमतेम पन्नाशीची आहे.

यात फसवाफसवी काही नाही. आधी एक निर्मळ स्थानिक कला होती, मग पर्यटक आले आणि ती बाटली, असा आपला एक लाडका समज असतो. इटलीत तो टिकत नाही. तिथल्या कितीतरी कला बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकाने घडवल्या, मरायला टेकल्यावर त्यानेच जगवल्या आणि कधी स्वस्ताईच्या नादात त्यानेच बिघडवल्या. काय घ्यावं हे ठरवताना ती वस्तू मुळात कोणासाठी तयार झाली, एवढं माहीत असलं तरी पुष्कळ उलगडतं.

सुरुवात यात्रेकरूंपासून. इसवी सन १२०० च्या आसपास पोप तिसरे इनोसंट यांनी रोमच्या सेंट पीटर चर्चच्या धर्मगुरूंना एक हक्क दिला: पीटर आणि पॉल यांच्या प्रतिमा असलेले शिसं-कथलाचे बिल्ले ओतण्याचा आणि विकण्याचा. असा हक्क राखून ठेवावा लागला, याचा अर्थ बाहेर कोणीतरी आधीपासून बिनपरवाना बिल्ले खपवत होतं, हे उघड आहे. टोपीला किंवा अंगरख्याला शिवलेला तो बिल्ला म्हणजे रोमला जाऊन आल्याचा पुरावा. १३०० साली पोप आठवे बोनिफेस यांनी पहिलं जुबिली वर्ष, म्हणजे रोमची यात्रा करणाऱ्याला पापमुक्ती देणारं खास वर्ष, जाहीर केलं आणि रोमकडे माणसांचा लोंढा लागला.

यात्रेच्या वस्तूंमध्ये मला सगळ्यांत विलक्षण वाटतात त्या इटलीतल्याच लोरेतो या तीर्थक्षेत्राच्या वाट्या. नाझरेथमधलं मेरीचं घर देवदूतांनी उचलून लोरेतोत आणून ठेवलं, अशी तिथली श्रद्धा. त्या घराच्या भिंतींची धूळ मातीत कालवून वाट्या केल्या जात आणि या वाटीत पवित्र घराची धूळ आहे, असं वाटीवरच लिहिलेलं असे. आजच्या कुठल्याही चुंबक चिकटवलेल्या आठवणवस्तूला ही सर नाही.

सतराव्या-अठराव्या शतकात गिऱ्हाईक बदललं. इंग्लंडमधल्या उमराव घरांतली मुलं शिक्षण पुरं करायला म्हणून महिनोन्‌महिने इटलीत राहू लागली. बरोबर शिक्षक, नोकर आणि बापाचा पैसा. या मंडळींना घरी न्यायला देखावे हवे होते. व्हेनिसमध्ये कानालेत्तो नावाचा चित्रकार ते रंगवत होता आणि त्याची चित्रं इंग्रजांना मिळवून देणारा मध्यस्थ होता जोसेफ स्मिथ, पुढे तिथलाच ब्रिटिश कॉन्सल. स्मिथने स्वतःचा संग्रह १७६२ साली राजा तिसरा जॉर्ज याला विकला. त्यामुळे कानालेत्तोच्या चित्रांचा मोठा साठा आज व्हेनिसमध्ये नाही, इंग्लंडच्या राजघराण्याकडे आहे. चित्र परवडत नसे त्यांच्यासाठी रोममध्ये पिरानेसी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या देखाव्यांचे ठसे विकत असे. त्याच्या चित्रांत अवशेष प्रचंड आणि माणसं मुंगीएवढी. तसल्या रोमच्या कल्पना डोक्यात घेऊन आलेला पाहुणा खऱ्या रोमसमोर थोडा खट्टू झाला असल्यास नवल नाही.

याच काळात रोममध्ये एक नवी कला जन्मली आणि तिच्या जन्माचं कारण अगदी रोखठोक आहे: काम संपलं. सेंट पीटरमधली वेदीवरची तैलचित्रं ओलाव्याने खराब होत, म्हणून त्यांच्या जागी काचेच्या तुकड्यांची मोझेक चित्रं बसवायला व्हॅटिकनने कार्यशाळा उभी केली होती. वेद्या भरत आल्या, तशी कारागिरांना दुसरी वाट शोधावी लागली. त्यांनी रंगीत काच दिव्याच्या आचेवर वितळवून सुतासारखी ओढली, त्या सुताचे बारीक तुकडे केले आणि चिमट्याने एकेक उचलून ओल्या लुकणात रोवले. एका चौरस इंचात हजाराहून जास्त तुकडे. हातभर लांबीवर धरलं तर रंगवलेलंच वाटावं. जाकोमो राफाएल्ली याने १७७५ साली रोममध्ये अशा कामाचं प्रदर्शन मांडलं. डबीचं झाकण, अंगठी, गळ्यातलं पदक, सगळं खिशात मावणारं. पाण्याच्या भांड्याच्या काठावर बसलेली कबुतरं हा लोकांचा आवडता विषय. त्याचं मूळ प्राचीन मोझेक १७३७ साली तिवोलीजवळ हेड्रियन बादशहाच्या वाड्यात सापडलं होतं. ते तर कोणाला नेता येणार नव्हतं. पुढे १८२० साली पोपच्या राज्यात पुराणवस्तू बाहेर न्यायला कडक बंधनं आली, तेव्हा नकलेचा धंदा आणखी रास्त ठरला.

नेपल्सकडे खाली उतरलं की सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची गल्ली येते. नाताळात घरोघर येशूजन्माचा देखावा मांडण्याचा तिथे मोठा शौक. अठराव्या शतकात बुर्बों घराण्यातला नेपल्सचा राजा चार्ल्स याच्या दरबाराने तो आणखी वाढवला. बाहुल्यांची डोकी भाजलेल्या मातीची, अंग तार आणि तागाचं, वर खरं रेशमी कापड. गंमत अशी की गोठ्यातल्या बाळाभोवती सबंध नेपल्सचा बाजार: मासेवाली, खाटीक, पिझ्झावाला, भिकारी. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी पोरं खेळण्यातली मोटार नि पोलीस मांडतात, तोच हा प्रकार. म्हणून तिथे आज मॅराडोनाची मूर्ती दिसली तर परंपरा बुडाली असं म्हणता येत नाही. तिची रीतच ती.

नेपल्सच्या शेजारी, व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी तोर्रे देल ग्रेको हे गाव आहे. मराठी वाचकाने इथे जरा जास्त रेंगाळावं, कारण मंगळाच्या अंगठीतलं पोवळं बहुतेक याच समुद्राकडून आपल्याकडे आलं. लाल पोवळं हे भूमध्य समुद्राचं देणं. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच लिहून ठेवलं आहे की रोमन बायकांना हिंदुस्थानी मोत्यांचं जेवढं वेड, तेवढंच हिंदुस्थानच्या लोकांना पोवळ्याचं; आणि तिकडच्या मागणीमुळे पोवळं त्याच्या मूळ किनाऱ्यावर दुर्मीळ होत चाललं आहे.

अठराव्या शतकात हा व्यापार थेट गोव्याशी जोडलेला होता. तोस्कानाच्या किनाऱ्यावरच्या लिवोर्नो बंदरात तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याने ज्यू व्यापाऱ्यांना सवलती देऊन वसवलं होतं. ते सार्डिनिया, कॉर्सिका आणि ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरचं पोवळं घडवून घेत आणि लिस्बनमार्गे पोर्तुगीज जहाजांतून गोव्याला धाडत. गोव्यात ते घेणारे सारस्वत व्यापारी, त्यांत कामत घराण्यातलेही. बदल्यात इथून हिरे जात. पोर्तुगालमध्ये आणि गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, जोरात होतं; ज्यूंना पोर्तुगीज मुलखात उघड धंदा करणं शक्य नव्हतं. म्हणून मधे लिस्बनमधले इटालियन ख्रिस्ती दलाल. ज्यू, ख्रिस्ती आणि हिंदू, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले, पोर्तुगीज भाषेतल्या पत्रांवर विसंबून वर्षानुवर्षं व्यवहार करत राहिले. माल पोचून मोबदला यायला कधी दोन-तीन वर्षं लागत.

तोर्रे देल ग्रेकोचे कोळी फार पूर्वीपासून पोवळं काढायला होड्या घेऊन जात, पण ते घडवण्याचा पहिला कारखाना १८०५ साली मार्सेयहून आलेल्या पाओलो बार्तोलोमेओ मार्तीं याने राजाच्या परवान्याने काढला. पोवळ्यापाठोपाठ शिंपल्यावरचं कोरीवकाम आलं. जाड शिंपल्याला आत तपकिरी आणि वर पांढरा असे थर असतात. कारागीर त्याचा तुकडा राळेने लाकडी दांडीच्या टोकाला चिकटवतो, दांडी मुठीत धरतो आणि बारीक कोरणीने पांढरा थर खरवडत जातो. जिथे पातळ, तिथे खालची छटा डोकावते आणि स्त्रीच्या चेहऱ्याला सावली मिळते. पॉम्पेई बघायला येणाऱ्या पाहुण्याला त्या काळचं वाटेल असं काहीतरी हवं होतं, ते या कोरीव शिंपल्यांनी दिलं. मात्र या 'स्थानिक' कलेचा कच्चा माल बऱ्याच काळापासून स्थानिक नाही. शिंपले कॅरिबियन समुद्रातून आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येतात. १८७० च्या दशकात सिसिलीजवळ शाक्कापाशी पोवळ्याचे मोठे साठे सापडले, पोवळं इतकं निघालं की भाव कोसळले. पुढे जपानकडचं पोवळं येऊ लागलं. स्थानिक आहे तो हात.

व्हेनिसच्या काचेची कथा बहुतेकांना ठाऊक असते: आगीच्या भीतीने १२९१ साली सगळ्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या आणि कारागिरांना देश सोडायला बंदी केली. फारसं सांगितलं जात नाही ते त्यापुढचं. प्रजासत्ताक बुडालं, व्यवसायसंघ मोडले, बोहेमियाच्या काचेने बाजार खाल्ला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुरानो मुख्यतः मण्यांवर तगून होतं. हे मणी आफ्रिकेपर्यंत जात. गुलामांच्या व्यापारातही चलन म्हणून वापरले गेले. माळा ओवायचं काम बायकांचं. दारात खुर्ची टाकून, मांडीवरच्या लाकडी पसरट भांड्यात मण्यांची रास घेऊन बसायचं. उजव्या हातात लांब सुयांचा पंख्यासारखा जुडगा, तो राशीत भराभर खुपसायचा. मणी आपोआप सुयांवर चढत आणि मागच्या दोऱ्यांवर सरकत.

भट्ट्यांना पुन्हा ऊब आली ती बाहेरच्या पैशामुळे. १८४५ साली प्येत्रो बिगाल्या याने व्हिएन्नात रंगीत फुलांच्या काचेचे कागददाब मांडले. विचेन्झाचा वकील अंतोनिओ साल्व्हियाती याने १८५९ साली मोझेकचा कारखाना काढला आणि १८६६ साली इंग्रज भांडवलावर फुंकीव काचेचं काम वाढवलं. १८६१ साली बेटावर संग्रहालय सुरू झालं, तिथले जुने नमुने पाहून कारागीर विसरलेल्या रीती पुन्हा शिकले. म्हणजे आजोबांची कला नातवाने संग्रहालयातून उचलली.

शेजारच्या बुरानो बेटाची गोष्ट तर अगदी काठावरून परतलेली. १८७२ च्या कडाक्याच्या थंडीत मासेमारी बंद पडली, कोळ्यांच्या घरी चूल पेटेना. बायकांना काम मिळावं म्हणून लेस शिकवायची शाळा काढायचं ठरलं. पण जुनी सुईची लेस येणारी चेंचा स्कार्पारिओला नावाची सत्तरीतली एकच बाई उरली होती. तिला येत होतं, शिकवता येत नव्हतं. आन्ना बेल्लोरियो देस्ते ही शाळामास्तरीण तिच्याजवळ बसली, हात बघून शिकली आणि मग तिने मुलींना शिकवलं. एका तुकड्यावर अनेक बायका काम करत, प्रत्येकीचा टाका ठरलेला. शाळेच्या इमारतीत आज लेसचं संग्रहालय आहे. तळहाताएवढ्या तुकड्याला कित्येक दिवस लागतात, तेव्हा दारात टांगलेला दहा-वीस युरोंचा टेबलक्लॉथ बुरानोच्या सुईचा नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तो यंत्राचा, बहुधा आयात केलेला. आवडला तर घ्यावा, पण बुरानोची लेस म्हणून नको.

फ्लोरेन्सचं थोडक्यात. पोन्ते वेक्यो पुलावर एके काळी खाटीक होते. वासाला कंटाळून पहिला फर्दिनांदो द मेदिची याने १५९३ साली त्यांना हटवून सोनारांना जागा दिली. आणि चामड्याच्या कामाची सांता क्रोचे मठातली प्रसिद्ध शाळा दुसऱ्या महायुद्धानंतर, अनाथ झालेल्या मुलांच्या हाताला काम मिळावं म्हणून, फ्रान्सिस्कन साधूंनी दोन कारागीर घराण्यांच्या मदतीने सुरू केली.

नकली माल वाढला तशी सरकारी शिक्कामोर्तबं आली. कलात्मक मातीच्या भांड्यांसाठी १९९० साली कायदा झाला, त्यानुसार देरुता, फाएन्झा, काल्ताजिरोने अशा गावांना आपली खूण वापरता येते. मुरानोच्या काचेसाठी व्हेनेतो प्रांताने १९९४ साली बोधचिन्ह दिलं. दुकानात ते शोधावं, मात्र छोटे कारागीर बरेचदा त्यात सामील नसतात, म्हणून ते नाही तर माल खोटा असं धरू नये. नामांकित कंपन्यांच्या नकली पिशव्या फुटपाथवर घेणं मात्र अंगाशी येतं: इटलीत विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दंड होतो आणि तो सात हजार युरोंपर्यंत जाऊ शकतो.

वाईन आणि चीजला युरोपात जसं भौगोलिक मानांकन मिळतं, तसं हस्तकलांनाही मिळावं असा नियम युरोपीय संघाने २०२३ साली केला आणि १ डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला दाखवल्या होत्या. कोल्हापुरीला भारतात २०१९ पासून मानांकन आहे, पण त्याचा अंमल इटलीत नव्हता. आपल्याकडे गदारोळ झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय चपलांची असल्याचं मान्य केलं.