चार-पाच टिकल्या पुरेत

कीबोर्डच्या एफ आणि जे या कळांवर एक बारीक उंचवटा असतो, नंबर पॅडच्या ५ वरही असतो. मराठीच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत एफ-जेच्या जागी पहिली वेलांटी आणि र येतात. म्हणजे न बघता मराठी टाइप करणाऱ्यांचीही बोटं तिथूनच घर शोधतात. दृष्टिहीनांसाठी आणखी काही कळांवर अशीच खूण घरच्या घरी करता येते, टिकली चिकटवून.

एवढासा उंचवटा कळतो कसा? बोटांच्या टोकाशी स्पर्शग्राहकांची दाटी असते. त्यांतल्या मर्केल पेशी कडा आणि आकार टिपतात. माइस्नर कणिका त्वचा जरा सरकली की जाग्या होतात. त्यामुळे बोट फिरवलं, तर गुळगुळीत काचेवरचा अवघ्या काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचीचा ठिपकाही जाणवतो. ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो. घरच्या खुणेलाही तेवढी उंची भरपूर झाली. लॅपटॉपवर त्याहून उंच काही चिकटवूच नये, झाकण मिटल्यावर ते स्क्रीनवर दाबलं जातं. खड्याची टिकली म्हणून फक्त सुट्या कीबोर्डसाठी.

साधी मखमली टिकली मात्र कुठेही चालते. ती जवळजवळ सपाट असते, पण प्लॅस्टिकच्या शेजारी तिचा पोत लगेच वेगळा लागतो. कळेवर बोटांचं तेल साचलेलं असतं, त्यावर गोंद धरत नाही. आधी स्पिरिटने पुसून कोरडं होऊ द्या. पक्की खूण हवी असेल तर नेलपॉलिशचा थेंब, वाळला की त्यावरच दुसरा, मग तिसरा. तो नंतर रिमूव्हरने काढायला जाऊ नका. बऱ्याच कळा एबीएस प्लॅस्टिकच्या असतात आणि ॲसिटोनमध्ये ते विरघळतं. झटपट चिकटणारा गोंद तर नकोच: वाफेने पांढरा थर धरतो, फटीत ओघळला तर कळच अडकते.

खुणा कुठे कराव्यात, हा खरा प्रश्न. हौसेने सगळीकडे ठिपके दिले तर बोटाला काहीच वेगळं लागत नाही. जुन्या कीबोर्डवर एफ१ ते एफ१२ या कळांचे चार-चारचे गट असायचे, मध्ये मोकळी जागा. बऱ्याच लॅपटॉपवर ती सलग रांग झाली आणि दृष्टिहीनांची पंचाईत झाली. एफ४ आणि एफ८ वर खूण केली की गट परत मिळतात. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांना इन्सर्ट सतत लागते, आणि ती प्रत्येक लॅपटॉपवर वेगळ्याच कोपऱ्यात असते. तिसरी खूण तिच्यावर. बाकी कुठली कळ चुकते, ते वापरणाऱ्यालाच विचारा. आठवडाभर टिकलीवर चालवून बघा, जागा जमली की मग नेलपॉलिश.