निधी मार्चमध्ये, पाणी सप्टेंबरमध्ये: पाणथळ जागेचे मूल्यांकन पूर्ण कसे करावे

ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद पाणथळ जागेचे शास्त्रीय मूल्यांकन हाती घेते आणि ते अर्धवट राहते, याचे नेहमीचे कारण वेळापत्रक. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, पाण्याचे वर्ष जूनला. निधी फेब्रुवारीत हाती आला की मार्चअखेर बिल निघावे म्हणून पथक घाईने तळ्यावर जाते. तोवर पाणी निम्म्यावर आलेले असते, स्थलांतरित पक्षी परतीला लागलेले असतात. अहवालात त्या दिवशीचा काठ हीच तळ्याची हद्द ठरते आणि दर पावसाळ्यात बुडणारी जमीन हद्दीबाहेर पडते.

यात काय जाते, ते 2017 च्या पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांत दिसते. अधिसूचित, म्हणजे सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या, पाणथळीत सरासरी उच्च पूररेषेपासून 50 मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. अपवाद फक्त बोटींच्या धक्क्यांचा. ही सरासरी नियम लागू झाल्यापासून मागे मोजलेल्या 10 वर्षांची. म्हणून मूल्यांकनात सर्वाधिक वेळ आणि पैसा याच रेषेवर खर्च व्हायला हवा.

रेषा शोधायला उपग्रहचित्रे फुकट मिळतात. पाणी लघु-अवरक्त किरण जवळजवळ पूर्ण शोषते आणि हिरवा प्रकाश त्या मानाने जास्त परावर्तित करते. या दोन पट्ट्यांच्या तुलनेतून पाण्याचा फैलाव काढतात. सेंटिनल-2 च्या चित्रात हिरव्या पट्ट्याचा एक ठिपका 10 मीटरचा आणि लघु-अवरक्त पट्ट्याचा 20 मीटरचा असतो, पण हा उपग्रह 2015 चा. त्याआधीच्या वर्षांसाठी लँडसॅट मालिकेतले जुने उपग्रह वापरावे लागतात, त्यांचा ठिपका 30 मीटरचा. त्यातही 2012 हे वर्ष अवघड: लँडसॅट-5 चे चित्रण 2011 च्या अखेरीस थांबले, लँडसॅट-8 आला 2013 मध्ये, आणि मधल्या काळातल्या लँडसॅट-7 च्या चित्रांत कोऱ्या पट्ट्या आहेत. भर पावसाळ्यात ढग आडवे येतात, म्हणून सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरची चित्रे निवडावीत, किंवा 2014 नंतरच्या वर्षांसाठी ढगांपलीकडचे पाहणारे सेंटिनल-1 चे रडार वापरावे.

जलपर्णी इथे हमखास फसवते. तिच्याखालचे पाणी उपग्रहाला झाडी म्हणून दिसते आणि क्षेत्र कमी भरते. त्यामुळे काठावर फिरून पुराच्या खुणा शोधाव्यात: घाटाच्या पायऱ्यांवरचा गाळाचा डाग, कुंपणात अडकलेला काडीकचरा, पुलाच्या खांबावरची रेघ. मासेमारी करणाऱ्यांना विचारले की कोणत्या वर्षी पाणी कुठवर आले ते नेमके कळते. या बिंदूंचे मोजमाप डीजीपीएसने, म्हणजे चूक दुरुस्त करून अचूक स्थान देणाऱ्या जीपीएस यंत्राने, करावे. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक राहते, आणि वाद नेमका तेवढ्याच जमिनीचा असतो.

पुढची पायरी रेषा गटनकाशावर बसवण्याची. जुने गावनकाशे साखळीने मोजलेले असल्याने ते उपग्रहचित्रावर सरळ बसत नाहीत. भूमि अभिलेख कार्यालयाची मोजणी लागतेच. तिचा अर्ज आणि फी पहिल्याच महिन्यात भरावी. गटनंबर नसलेली हद्द तलाठ्याच्या दप्तरात कुठेच नोंदवता येत नाही.

या सगळ्याआधी एक चाळणी लावावी. केवळ सिंचन, पिण्याचे पाणी, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणुकीसाठी बांधलेले जलाशय, नदीपात्रे आणि भातखाचरे या नियमांत येत नाहीत. मात्र मानवनिर्मित म्हणजे आपोआप अपात्र, असे समजू नये. महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्यता मिळालेली पाणथळ) नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झाले आहे. लहान जागा अपात्र, हाही असाच गैरसमज आहे. 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर हद्द काढण्याजोगा सर्वांत लहान 3 मिलिमीटरचा चौकोन म्हणजे जमिनीवर 150 मीटरचा चौरस, अर्थात 2.25 हेक्टर. राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात (2006-07) याहून मोठ्या 2,01,503 जागांच्या हद्दी काढल्या आहेत. लहान 5,55,557 जागा नुसत्या बिंदूंनी दाखवल्या आहेत, आणि बहुतेक गावतळी त्यांतच मोडतात. त्यांची हद्द काढायला स्थानिक संस्थेवाचून दुसरे कोणी येणार नाही.

पाण्याच्या तपासणीत वेळेचे भान हवे. विद्राव्य ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी सर्वांत जास्त असतो, कारण शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्रभर तो वापरते. फक्त दुपारी नमुना घेतला तर सांडपाण्याने गुदमरलेले तळेही निरोगी दिसते. दोन्ही वेळी मोजावे. बीओडीचा (सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) नमुना बर्फात ठेवून 24 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. पक्षिगणना जानेवारीत करावी, म्हणजे आशियाई पाणपक्षी गणनेच्या नोंदींशी ताडता येते.

निधीचे मार्ग थोडे आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) ग्रामपंचायत अनुदानात 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठीच राखलेला (बंधित) होता. अभ्यासाचा खर्च उरलेल्या 40 टक्क्यांत बसवणे सोपे. याखेरीज जिल्हा वार्षिक योजना आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीचा स्थानिक निधी आहे. केंद्राच्या जलीय परिसंस्था योजनेत केंद्र-राज्य वाटा 60:40 असतो, पण प्रस्ताव राज्यामार्फत जातो आणि त्यात मूलभूत माहिती आधीच लागते. कार्यादेश मेमध्येच द्यावा आणि देयके टप्प्यांत बांधावीत: चित्रांचे विश्लेषण, पावसाळ्यानंतरची मोजणी, हिवाळी पाहणी, उन्हाळ्यातली पाणीतपासणी. काम दोन आर्थिक वर्षांत पसरेल, हे ठरावातच लिहून घ्यावे.

मूल्यांकनावरून राज्य सरकार काढते त्या मसुदा अधिसूचनेनंतर हरकतींसाठी 60 दिवस असतात आणि जवळपास सगळ्या हरकती हद्दीवरच येतात. फेरमोजणीसाठी थोडी रक्कम राखून ठेवावी, आणि प्रत्येक पूरखुणेचे छायाचित्र तारीख व अक्षांश-रेखांशासह जपून ठेवावे.